रेनाँच्या आठवणी आणि धर्मगुरूचें शिक्षण

ज्या शाळेंत आपण वाढलों तिच्याविषयीं लिहिणारे लेखक बहुधा दोन प्रकारचे असतात. कांहीं कृतज्ञतेनें इतके वांकलेले असतात कीं, त्यांना तेथील उणें दिसतच नाहीं. कांहींच्या मनांतील जुना सल इतका खोल असतो कीं, त्यांना तेथें भलें असें कांहींच आढळत नाहीं. त्यांतून ती शाळा धर्मगुरु तयार करणारी असली आणि लेखक अर्ध्या वाटेवरून परत फिरलेला असला, तर वाचक दुसऱ्या प्रकारच्या लेखनाचीच अपेक्षा धरतो. अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच पंडिताचें ‘बालपणाच्या व तारुण्याच्या आठवणी’ हें १८८३ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक या अपेक्षेचा पूर्ण भंग करतें. तें वाचून संपलें म्हणजे कॅथोलिक सेमिनरीविषयींचा आदर वाढतो आणि तिच्याविषयींची काळजीहि वाढते. हे दोन्ही परिणाम एकाच वेळीं व्हावेत यांतच या पुस्तकाचें महत्त्व आहे असें आम्हांस वाटतें.

रेनाँचें नांव आपल्याकडे जें थोडेंबहुत ऐकूं येतें तें ‘येशूचें चरित्र’ या त्याच्या १८६३ च्या ग्रंथामुळें. येशू हा अद्वितीय खरा, पण मनुष्यच, असें मानणाऱ्या या लेखकाचे कॉलेज द फ्रान्समधील हिब्रूचे वर्ग १८६२ त पहिल्याच व्याख्यानानंतर बंद पाडण्यांत आले होते. चर्चनें ज्याला आपला शत्रु मानलें, त्या मनुष्यानें पुढें वीस वर्षांनीं आपल्या धर्मशिक्षकांविषयीं इतक्या ममतेनें लिहावें याचें त्या काळीं अनेकांना आश्चर्य वाटलें असल्यास नवल नाहीं. आमच्या मतें आश्चर्याची गोष्ट ही ममता नव्हे. विश्वास हाच ज्याचा जन्माचा व्यवसाय होणार त्या तरुणाला घडवावें कसें, हा अवघड प्रश्न या ममतेच्या आडून पुस्तकभर डोकावत राहतो, हें अधिक लक्षांत घेण्यासारखें आहे.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें ख्रिस्ती उपदेशक म्हटला कीं बाबा पदमनजी किंवा रेव्हरंड टिळक यांची मूर्ति उभी राहते. हे प्रॉटेस्टंट पंथाचे, घरसंसार असलेले गृहस्थ. रोमन कॅथोलिक पंथाच्या पाश्चात्य परंपरेंतील धर्मगुरूची गोष्ट निराळी. तो आजन्म ब्रह्मचारी, आपल्या बिशपच्या आज्ञेंत राहणारा, आणि त्याचा अधिकार वक्तृत्वावर अथवा लोकप्रियतेवर नव्हे तर दीक्षेवर उभा. असा मनुष्य एका दिवसांत तयार होत नाहीं, हें ओळखूनच १५६३ सालीं त्रेंत येथील धर्मपरिषदेनें प्रत्येक धर्मप्रांतांत एक विद्यालय असावें असा ठराव केला. त्यांतील तपशील मनोरंजक आहे. मुलगा निदान बारा वर्षांचा व औरस असावा, त्याला लिहितां-वाचतां येत असावें, आणि निवड करतांना गरिबांच्या मुलांकडे प्रथम पाहावें. श्रीमंतांच्या मुलांना मज्जाव नाहीं, मात्र त्यांनीं आपला खर्च आपण करावा. कोवळें वय हातीं लागलें नाहीं तर मन ऐहिक सुखांकडे ओढलें जातें, असा या ठरावामागचा विचार होता.

फ्रान्समध्यें या ठरावाला खरें शरीर मिळालें तें पुढल्या शतकांत. १६४१-४२ च्या सुमारास ओलिए नांवाच्या धर्मगुरूनें पॅरिस येथें सँ-स्युल्पीस या संस्थेचा पाया घातला. गुरूंनीं विद्यार्थ्यांबरोबर एकाच घरांत राहावें, एकाच पंगतीस जेवावें, त्यांच्याच प्रार्थनेस बसावें, आणि उपदेशापेक्षां सहवासानें शिकवावें, ही त्याची पद्धति. हें वाचतांना आपल्याकडील गुरुकुलांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पण एक मोठा फरक आहे. आपला ब्रह्मचारी विद्या संपली कीं समावर्तन करून घरीं परते. सँ-स्युल्पीसच्या विद्यार्थ्याला परतीची वाट आंखून दिलेली नव्हती. रेनाँचें पुस्तक हें अशा न आंखलेल्या वाटेनें परत आलेल्या शिष्याचें पुस्तक आहे.

त्रेंतच्या ठरावानें ज्या मुलांकडे प्रथम पाहा म्हणून सांगितलें होतें, रेनाँ नेमका तसा मुलगा होता. १८२३ सालीं ब्रिटनी प्रांतांतील त्रेगिए या लहानशा गांवीं त्याचा जन्म झाला. बाप दर्यावर्दी, मुलगा पांच वर्षांचा असतांनाच तो समुद्रावरून परत आला नाहीं. आई, बारा वर्षांनीं वडील असलेली बहीण आंरिएत आणि घरावर कर्ज, एवढी त्याची मिळकत. गांवच्या धर्मगुरूंनीं त्याला लॅटिन व गणित शिकविलें आणि बक्षिसें मिळविणारा हा मुलगा पुढें धर्मगुरुच होणार हें सर्वांनीं गृहीत धरलें. १८३८ त, पंधराव्या वर्षीं, शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला सँ-निकोला या धाकट्या सेमिनरींत गेला. या संस्थेशीं ज्यांचें वैर आहे त्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. या विधवेच्या मुलाला युरोपांतील अव्वल दर्जाची विद्या ज्यांनीं दिली ते सरकारी अधिकारी नव्हते, चर्चचे लोक होते.

सँ-निकोलाचा प्रमुख द्यूपाँलू. सरदारांच्या मुलांकडून भरपूर फी घ्यावी आणि तिच्यावर गरीब हुशार मुलें पोसावीं, अशी त्याची व्यवस्था. दोघांना एका बांकावर बसवून तो दोघांनाहि साहित्याची गोडी लावी. नव्यानें आलेला ब्रिटनीचा पोर घरच्या आठवणीनें झुरत होता. मुलांचीं पत्रें उघडींच अधिकाऱ्यांच्या हातीं द्यावयाचीं असा नियम असे. रेनाँनें आईस लिहिलेलें पत्र असेंच द्यूपाँलूच्या वाचण्यांत आलें. आठवड्याचे क्रमांक वाचून दाखवितांना रेनाँचा नंबर पांचवा-सहावा आला, तेव्हां द्यूपाँलू सर्वांसमक्ष म्हणाला कीं, आज सकाळीं वाचलेलें एक पत्र जर निबंधाचा विषय असतें तर हा मुलगा पहिला आला असता. त्या दिवसापासून त्याची झुरणी थांबली. या लहानशा प्रसंगांत सबंध पद्धतीचें बळ व तिचा धोका एकत्र आले आहेत. परक्याचें पत्र वाचणारी देखरेख आणि त्याच पत्रांतून मुलाचें अंतःकरण ओळखणारें वात्सल्य, हीं येथें एकाच मनुष्याच्या हातीं आहेत. वात्सल्य आहे तोंवर देखरेख सुसह्य होते. तें नसलें तर काय उरतें याचा विचार रेनाँ करीत नाहीं, वाचकाला मात्र तो करावा लागतो.

१८४१ त रेनाँ तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीं इसी येथील मठांत गेला. द्यूपाँलूच्या अलंकारिक साहित्यशिक्षणानंतर इसीची कोरडी लॅटिन वादपद्धति त्याला मानवली. सिद्धान्त मांडावयाचा, त्यावरील आक्षेप सांगावयाचे आणि एकेकाचें निरसन करावयाचें, ही तेथील रीत. पण चिकित्सक शिष्याच्या हातीं ही रीत दुधारी ठरते: आक्षेप मनांत रुजतो आणि निरसन पाठ्यपुस्तकांतच राहतें. या पुस्तकांतील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग येथेंच घडतो. एका वादसभेंत रेनाँनें आक्षेप इतक्या जोरानें मांडले कीं, कांहीं श्रोते हंसूं लागले. गोत्तोफ्रे नांवाच्या गुरूनें सभा तेथेंच थांबविली. संध्याकाळीं त्यानें रेनाँला बाजूस घेतलें, बुद्धीवर एवढा भरंवसा ठेवणें हें ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीं असें सांगतां सांगतां तो आवेशांत आला आणि शेवटीं म्हणाला कीं, तूं ख्रिस्ती नाहींस! रेनाँला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें ही हकीकत मठाचे प्रमुख गॉसलँ यांच्या कानांवर घातली. वृद्ध गॉसलँनीं त्याची समजूत घातली, गोत्तोफ्रेचा अतिरेक म्हणून तें बोलणें मनावर न घेण्यास सांगितलें, आणि प्रकरण मिटलें.

रेनाँ गॉसलँविषयीं प्रेमानें लिहितो. तें योग्यच आहे. पण प्रश्न असा कीं, या दोघांत खरा गुरु कोण? गोत्तोफ्रेनें शिष्याच्या मनांत काय चाललें आहे तें बरोबर ओळखलें, पण ओळखल्यावर त्याच्याजवळ उपाय होता तो केवळ भीतीचा. गॉसलँजवळ माया होती, पण त्या मायेनें प्रश्नावर पांघरूण घातलें. एकानें व्रण पाहिला आणि त्याला डाग दिला, दुसऱ्यानें न पाहतांच त्यावर फुंकर घातली. शिष्याजवळ बसून ‘तुला नेमकें काय पटत नाहीं तें सांग, आपण तें शेवटपर्यंत पाहूं’ असें म्हणणारा तिसरा गुरु त्या घरांत निघाला नाहीं. पुढची सर्व कथा या एका उणिवेची कथा आहे, असें आमचें मत आहे.

१८४३ त रेनाँ ईश्वरविद्येसाठीं मुख्य सँ-स्युल्पीसमध्यें आला. तेथें त्याला ल ईर हा हिब्रूचा अध्यापक भेटला. ल ईर हाहि ब्रिटनीचाच. विद्वान् आणि साधु या दोन्ही पदव्या शोभतील असा. जर्मन पंडितांनीं बायबलवर केलेली चिकित्सा तो जाणून होता. तिच्यांतील श्रद्धेस बाधक न होणारें तेवढें घ्यावें व बाकीचें सोडावें, असा त्याचा परिपाठ. त्याच्या मनांत विद्या आणि श्रद्धा या दोन खोल्यांच्या मध्यें पक्की भिंत होती. रेनाँनें गुरूपासून विद्या घेतली, पण भिंत घेतली नाहीं. हिब्रू व्याकरणाचा प्रारंभींचा वर्ग चालविण्याचें कामहि पुढें त्याच्याकडे आलें. जसजसा मूळ ग्रंथ त्याला वाचतां येऊं लागला तसतसें त्याला दिसूं लागलें कीं, यशयाच्या ग्रंथाचा उत्तरार्ध त्या संदेष्ट्याचा असूं शकत नाहीं, दानीएलाचा ग्रंथ फार पुढच्या काळचा आहे, मोशेच्या नांवावरील पंचग्रंथ मोशेनें लिहिलेला नाहीं, आणि योहानाच्या शुभवर्तमानांतील वृत्तान्ताचा इतर तिघांशीं मेळ बसत नाहीं. आपण चर्च सोडलें तें तत्त्वज्ञानामुळें नव्हे, राजकारणामुळें नव्हे, ब्रह्मचर्याच्या ओझ्यामुळेंहि नव्हे, तर अशा शब्दशास्त्रीय कारणांमुळें, असें रेनाँ आग्रहानें सांगतो.

हें म्हणणें प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटतें. एका जुन्या ग्रंथाचा कर्ता एक कीं दोन, एवढ्यावरून मनुष्य जन्माची वाट सोडतो काय? पण त्या काळच्या सेमिनरींतील शिकवणुकीचा घाट पाहिला म्हणजे उलगडा होतो. तेथें श्रद्धेची मांडणी कोरड्या रचाईच्या भिंतीसारखी केलेली होती: चर्च प्रमादातीत आहे, चर्च म्हणतें कीं बायबल प्रमादरहित आहे, म्हणून बायबलांतील एकहि विधान चुकीचें असूं शकत नाहीं. अशा भिंतींत एक दगड निखळला कीं वरचे सारे खालीं येतात. शिष्याला तर्क शिकवावयाचा, प्रामाणिकपणा शिकवावयाचा, मूळ भाषा शिकवावयाच्या, आणि मग एकहि दगड हलवून पाहूं नकोस म्हणावयाचें, हें किती दिवस चालणार? रेनाँला सँ-स्युल्पीसपासून दूर नेणारी वस्तु बाहेरून आलेली नव्हती. सत्याविषयींचा जो करडेपणा त्या घरानें त्याच्या अंगीं बाणविला त्यानेंच त्याला घराबाहेर काढलें.

बाहेर पडण्याची रीतहि त्या शिक्षणास साजेशी होती. त्यानें मस्तकावरचे केस कापून घेण्याचा पहिला विधि आणि त्यापुढील लहान दीक्षा घेतल्या होत्या, परंतु त्या बंधनकारक नव्हत्या. त्यापुढची पायरी सबडीकनची. ती चढली कीं आजन्म ब्रह्मचर्याचें बंधन पडे. (हें पद आणि पूर्वीच्या लहान दीक्षा १९७२ त रद्द झाल्या.) रेनाँ या पायरीशीं थांबला. तोंडानें एक आणि मनांत दुसरें असें ठेवून वर जाणारे कांहीं थोडे नसतात. त्याच्यापुढें मान, स्थैर्य आणि आईचा आनंद, सर्व उभें होतें. १८४५ च्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस तो धर्मविद्यार्थ्याच्या झग्यांतच सँ-स्युल्पीसच्या पायऱ्या उतरला आणि जवळच्याच एका खाणावळवजा हॉटेलांत जाऊन राहिला. आंरिएत पोलंडांत एका सरदार घराण्यांत शिक्षिका होती. तिच्या बचतीचे १२०० फ्रँक त्याच्या पाठीशीं होते. द्यूपाँलूनें त्याला चिठ्ठी लिहून पैशांची अडचण असल्यास आपली थैली मोकळी आहे असें कळविलें. जाणाऱ्या शिष्याला शाप न देतां असा निरोप देणें ही त्या गुरूंची थोरवी होय, आणि ती मान्य करण्यांत रेनाँनें कसूर केलेली नाहीं.

पुस्तक म्हणून पाहतां ‘आठवणीं’ची भाषा संथ, स्वच्छ आणि कोठेंहि आवाज न चढविणारी आहे. प्रस्तावनेंत समुद्रांत बुडालेल्या इस् नगरीची ब्रिटनीची दंतकथा येते. तिच्या देवळांतील घंटा अजून पाण्याखालून ऐकूं येतात असें कोळी सांगतात, तशी आपल्या मनाच्या तळाशीं जुनी श्रद्धा वाजते, असें रेनाँ सुचवितो. ही कल्पना पुस्तकभर झिरपली आहे. व्यक्तिचित्रणांत तर तो सिद्धहस्तच. चार ओळींत गॉसलँ किंवा ल ईर डोळ्यांपुढें उभा राहतो.

पण याच गुणांत दोष दडला आहे. हे लेख त्यानें पन्नाशी उलटल्यावर, कीर्तीच्या शिखरावरून लिहिले. तेथून पाहतांना दरीहि हिरवळीसारखी दिसते. आपल्या अंगच्या सौजन्याविषयीं तो इतक्यांदा आणि इतक्या गोडीनें बोलतो कीं, वाचकास कधीं कधीं त्याचा कंटाळा येतो. त्याच्या मृत्यूनंतर, १८९६ त, त्याचा व आंरिएतचा १८४२ ते १८४५ मधील पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला. तो या पुस्तकाशेजारीं ठेवून वाचावा. तेथें मधुर स्मिताचा पंडित नाहीं. पुढें पोट कसें भरावें, आईला काय सांगावें, गुरूंना दिलेला शब्द मोडला तर आपण कोण उरतों, या विचारांनीं गांजलेला बावीस वर्षांचा तरुण आहे. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना एका माणसाच्या श्रद्धेंत पालट झाला म्हणजे घरावर काय कोसळतें हें ठाऊक आहे. तें दुःख तेथें सोसणाऱ्या बाईनेंच सांगितलें आहे. रेनाँच्या ‘आठवणीं’त आईचें दुःख रेशमांत गुंडाळून ठेवलें आहे. कलेच्या दृष्टीनें तें सुंदर असेल. सत्याच्या दृष्टीनें उणें आहे.

आतां, रेनाँ गेल्यानंतर त्या भिंतीचें काय झालें? प्रथम ती अधिक उंच करण्यांत आली. रेनाँच्या व्याख्यानांस बसलेला आल्फ्रेड ल्वाझी हा धर्मगुरु चर्चमध्यें राहूनच बायबलची चिकित्सा करूं पाहत होता. १८९३ त त्याचें अध्यापकपद गेलें आणि १९०८ त त्याला बहिष्कृत करण्यांत आलें. १९१० पासून धर्मगुरु व सेमिनरींतील अध्यापक यांना नव्या मतांविरुद्ध शपथ घ्यावी लागे. ती १९६७ त बंद झाली. मध्यंतरीं, १९४३ त, पोप बारावे पायस यांनीं मूळ भाषा, ग्रंथांचा काळ आणि त्यांचे लेखनप्रकार यांचा अभ्यास करण्यास कॅथोलिक पंडितांना उत्तेजन दिलें. १९६५ त दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें धर्मगुरूंच्या शिक्षणावर स्वतंत्र ठराव करून बायबलचा अभ्यास हा सर्व ईश्वरविद्येचा आत्मा असावा असें ठरविलें. यशयाच्या ग्रंथांत एकाहून अधिक हात आहेत ही गोष्ट आज कॅथोलिक पाठ्यग्रंथांतहि सहज वाचावयास मिळते. ज्या वाक्यासाठीं एका तरुणानें घर सोडलें तें आज त्याच घरांत शिकविलें जातें. यावरून रेनाँ आज असता तर राहिला असता असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. चमत्कार व येशूचें देवत्व यांविषयींचीं त्याचीं पुढचीं मतें फार दूर गेलीं होतीं. पण त्या कारणासाठीं त्याला जावें लागलें नसतें, एवढें निश्चित.

दुसरी उणीव मात्र अधिक नाजूक आहे. रेनाँ सांगतो कीं, आपणांस भेटलेले धर्मगुरु सारे चांगलेच होते. अपरिग्रह, नम्रता, सौजन्य आणि शील हे आपले चार गुण त्यांच्याकडूनच आले. त्याच्या साक्षीवर अविश्वास दाखविण्याचें कारण नाहीं. परंतु आजचा वाचक हीं पानें निश्चिंत मनानें वाचूं शकत नाहीं. फ्रान्समधील चर्चनेंच नेमलेल्या स्वतंत्र मंडळानें २०२१ त जो अहवाल दिला त्यांत १९५० ते २०२० या काळांत धर्मगुरु व व्रतस्थ यांच्याकडून सुमारें २,१६,००० अल्पवयी मुलांवर लैंगिक अत्याचार झाले असावेत असा अंदाज आहे. नियम, मौन आणि प्रार्थना यांनीं बाह्य वर्तन बांधतां येतें. पण मनुष्य आंतून प्रौढ झाला आहे कीं नाहीं, एकटेपण सोसण्याची शक्ति त्याला आली आहे कीं केवळ आज्ञापालनाची संवय, हें त्यांवरून कळत नाहीं. १९९२ त पोप दुसरे जॉन पॉल यांनीं या शिक्षणाचीं चार अंगें सांगितलीं, मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवाविषयक, आणि मानवी अंग हा पाया मानला. हा क्रम योग्य आहे. मात्र कागदावरील पायाला खरा पाया करणारा मनुष्य लागतो, आणि तो रेनाँच्या काळीं जितका दुर्मिळ होता तितकाच आजहि असावा.

हा विषय आपणांस परका नाहीं. हिंदुस्थानासाठीं पोप तेरावे लिओ यांनीं १८९३ त कँडी येथें स्थापिलेली सेमिनरी १९५५ पासून पुण्यांत आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथोलिक धर्मगुरु २०२० त उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अशा घरांत तरुणांना काय शिकवितात, यापेक्षां त्यांना काय बोलूं देतात, हा प्रश्न मराठी वाचकानें कुतूहलानें विचारावा. आणि विचारतांना तो आपल्या मठांना, आश्रमांना व निष्ठा शिकविणाऱ्या सर्वच संस्थांना विचारावा.

अशा संस्था आपलें यश किती शिष्य शेवटपर्यंत टिकले यावर मोजतात. त्या मापानें रेनाँ हें सँ-स्युल्पीसचें अपयश. आमच्या मतें त्याचें तेथून जाणें हें अपयश नव्हे. खोटी दीक्षा न घेण्याचें बळ त्याला त्याच घरानें दिलें होतें. अपयश घडलें तें त्यापूर्वीं, इसीच्या मठांत, एक भयभीत विद्यार्थी आपली शंका घेऊन गुरूच्या दारीं आला आणि केवळ समजूत घेऊन परत गेला, त्या दिवशीं.